मेटमधला आंधळा ओरायन: पुसँच्या चित्रात डायना काय करतेय?

रानजाई

पाय दुखायला लागले म्हणून बाकावर टेकले आणि समोर हे चित्र होतं. एवढीच आमची ओळख.

गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे न्यू जर्सीला होते. एक दिवस सकाळपासून पाऊस, म्हणून तिने मला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमपाशी सोडलं आणि ती ऑफिसला गेली. त्या म्युझियममध्ये दुपारपर्यंत माणसाचा पार भुगा होतो. इजिप्त झालं, चिलखतं झाली, आणि युरोपीय चित्रांच्या दालनांत शिरले तेव्हा मी चित्रं बघतच नव्हते, बाकं बघत होते.

'उगवत्या सूर्याच्या शोधात आंधळा ओरायन'. चित्रकार निकोला पुसँ, साल १६५८. जवळजवळ चार फूट उंच आणि सहा फूट रुंद. लांबून नुसती झाडी वाटते. दाट, काळपट हिरवी. मग मधली वाट दिसते आणि त्या वाटेवरून पाठमोरा चाललेला एक अजस्र पुरुष. झाडांच्या मापाचा. एक हात पुढे काढून चाचपडतोय. खांद्यावर एक चिमुकला माणूस आहे, तो त्याला दिशा दाखवतोय. जत्रेत बाप पोराला खांद्यावर घेतो तसं वाटलं आधी. इथे मात्र बापाला दिसत नाही आणि वाट पोर दाखवतंय.

चेहरा आपल्याला धड दिसत नाही, तरी हा आंधळा आहे हे कळतं. पाऊल बघा. रात्री लाइट गेल्यावर आपण ओट्याकडे मेणबत्ती शोधायला जातो तेव्हा आपलं पाऊल असंच पडतं. टाकलेलं असतं, पण भार द्यायचा की नाही ते ठरलेलं नसतं.

गोष्ट थोडक्यात. ओरायन हा ग्रीकांचा राक्षसी ताकदीचा शिकारी. कीऑस बेटावरच्या राजाच्या मुलीवर, मेरोपेवर, त्याने दारूच्या नशेत हात टाकला. राजाने त्याचे डोळे काढले. तो धडपडत लेम्नॉस बेटावर हेफेस्टसच्या भट्टीपाशी पोचला. हेफेस्टस म्हणजे देवांचा लोहार. त्याने आपला हाताखालचा माणूस, केडॅलियन, वाट दाखवायला दिला. पूर्वेला चालत राहा, उगवत्या सूर्याचे किरण डोळ्यांवर पडले की दृष्टी परत येईल, असं भाकीत होतं. आणि ती आली.

वाटेवर त्याच्या पायाशी उभा राहून सांगतोय तो हेफेस्टस. खांद्यावर केडॅलियन. इथवर सगळं जुळतं. पण वर ढगाला रेलून एक बाई हे सगळं शांतपणे बघतेय. पाटी वाचली तेव्हा कळलं, डायना. शिकारीची देवी, चंद्राची देवी. या गोष्टीत ती येतच नाही हो! ती तिथे काय करतेय? आणि तो ढग असा त्याच्या डोक्यापाशी का घुटमळतोय?

अर्धा तास बसले होते. लेकीचा फोन आला म्हणून उठले. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गवतीचहा

मस्त लिहिलंय. बाकाचं अगदी पटलं.

एक बाळबोध शंका. यालाच नवअभिजात (निओक्लासिकल, म्हणजे ग्रीक-रोमन वळणाचं) निसर्गचित्र म्हणतात ना? कॉलेजात असंच काहीतरी पाठ केलं होतं.

कुंचला

गवतीचहा, थोडं मागेपुढे आहे. पुसँ १५९४ ते १६६५. तो नुसता 'अभिजात'. 'नव' लागतं ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाँपेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहराचं उत्खनन, चित्रकार दाविद वगैरे झाल्यावर. पण नवअभिजातवाल्यांनी निसर्गचित्राचा धडा गिरवला तो पुसँ आणि त्याच्याच काळातला चित्रकार क्लोद लोरँ यांच्याच पाटीवर. तूलूझचा पिएर-आंरी द वालँसियेन (१७५० ते १८१९) हा त्यातला मुख्य गुरुजी. त्याने १८०० च्या सुमारास यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) आणि निसर्गचित्रणावर जाडजूड ग्रंथ लिहिला. उघड्यावर बसून झरझर अभ्यासचित्रं करा, ढग पळायच्या आत संपवा, पण खरं चित्र स्टुडिओत रचा आणि त्यात पुराणकथा किंवा इतिहास घाला, असं त्याचं सांगणं. नुसतं झाड काढणं त्या काळी हलकं काम समजायचे. देवादिकांची गोष्ट घातली की झाडाला प्रतिष्ठा! १८१७ पासून फ्रान्समध्ये 'ऐतिहासिक निसर्गचित्रा'साठी रोमची वेगळी शिष्यवृत्तीच सुरू झाली. पहिली मिळाली आशिल-एत्ना मिशालोंला. तो पंचविसाव्या वर्षी गेला, पण त्याआधी पुढे नावाजलेल्या निसर्गचित्रकार कोरोला शिकवून गेला.

गंमत म्हणजे वालँसियेनची ती झरझर केलेली रोममधली छपरं आणि ढग आज पॅरिसच्या लूव्हर म्युझियममध्ये लोक थांबून बघतात, आणि त्याची देवादिकांची मोठमोठी चित्रं बघायला फारसं कोणी थांबत नाही. असो.

रानजाईताई, तुम्ही पावलाबद्दल लिहिलंत ना, तेच १८२१ मध्ये विल्यम हॅझलिट नावाच्या इंग्रज निबंधकाराने याच चित्रावर लिहून ठेवलंय. पाठ फिरवलेली असूनही आंधळेपण दिसतं, अशा अर्थाचं. त्याला बाक मिळालं होतं का माहीत नाही.

डायनाचं उत्तर आहे, पण ते निवांत लिहितो. आत्ता क्लास आहे.

दोन_शिंगं

वाचतोय. डायनाचं लवकर लिहा.

साशंक

मला उत्तर साधं वाटतं. ओरायन शिकारी, डायना शिकारीची देवी, आणि पुढे ओरायन तिच्याच बाणाने मरतो अशी एक कथा आहेच. चित्रकाराने गोष्टीचं पुढचं पान आधीच उघडून दाखवलं. आपल्याकडे एकाच चित्रात रामाचा वनवास आणि सीताहरण दाखवत नाहीत का? उगाच गूढ कशाला.

कुंचला

साशंक, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण मग ढगाचं काय? क्रमाने सांगतो.

पुसँला हा विषय मिळाला लुशियनकडून. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक लेखक एका दिवाणखान्याचं वर्णन करताना भिंतीवरच्या एका जुन्या चित्राबद्दल सांगतो. आंधळा ओरायन केडॅलियनला घेऊन चाललाय, केडॅलियन उजेडाची वाट दाखवतोय, सूर्य त्याला बरा करतोय, हेफेस्टस लेम्नॉसवरून बघतोय. बास. डायना नाही, ढग नाही. म्हणजे या दोन्ही गोष्टी पुसँने जाणूनबुजून घातल्यात.

का, ते १९४४ मध्ये अर्न्स्ट गोम्ब्रिख या कला-इतिहासकाराने एका छोट्या लेखात उलगडलं. नाताले कोंती नावाच्या इटालियन पंडिताचा पुराणकथांवरचा ग्रंथ पुसँच्या काळात चित्रकारांच्या हाताशी असायचा. प्रत्येक कथेत निसर्गाचं काहीतरी रहस्य लपलंय असं मानून त्यांचा उलगडा करायचा, ही कोंतीची पद्धत. त्याच्या मते ओरायनला तीन बाप. नेपच्यून, ज्युपिटर आणि अपोलो. म्हणजे पाणी, हवा आणि सूर्य. तिघं मिळून काय तयार करतात? वाफ वर चढते, हवेत साठते, ऊन तिला तापवतं...

ढग. ओरायन म्हणजे वादळी ढग. आणि डायना म्हणजे चंद्र. वर जमलेली वाफ गोळा करून तिचा पाऊस करायचा, हे तिचं काम. ओरायन तिच्या बाणाने मरतो म्हणजे ढग खाली कोसळतो.

आता परत चित्र बघा. तो ढग त्याच्या डोक्यापाशी घुटमळत नाहीये, तो ढग तोच आहे. राक्षस झाडांमधून चाललाय आणि त्याच वेळी तो वर डायनापर्यंत चढतोय. देखाव्यात गोष्ट घातलेली नाही. देखावा हीच गोष्ट आहे.

आणि हो, तीन बापांची कथा रोमन कवी ओव्हिडकडे आहे. एका निपुत्रिक म्हाताऱ्या शेतकऱ्याने तीन देवांचा पाहुणचार केला. देवांनी खूश होऊन बैलाच्या कातड्यावर... जे केलं ते इथे लिहीत नाही. कातडं पुरलं आणि दहा महिने भरल्यावर मूल बाहेर आलं. नाव पडलं ते त्या द्रवावरून.

गवतीचहा

ईईई. लिहा की! आम्ही कुंभातून निघालेले कौरव वाचून मोठे झालोय.

रानजाई

कुंचला, अंगावर काटा आला. अर्धा तास समोर बसून मला 'हा झाडाएवढा का' हे सुचलं, 'हा झाडांवरचा ढग आहे' हे नाही सुचलं. आता मोबाइलवरचा फोटो मोठा करून बघतेय. त्याचं अंग आणि मागचं आभाळ यांच्यात रंगाचा फार फरकच ठेवलेला नाही पठ्ठ्याने.

व्याधाचा_बाण

इतका वेळ कोणीच कसं बोललं नाही! ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र.

हिवाळ्यात रात्री गच्चीवर जा. चार कोपऱ्यांचे चार ठळक तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात एका रेषेत तीन तारे म्हणजे रुतलेला बाण, आणि ती रेषा खाली वाढवली की जो झगझगीत तारा भेटतो तो व्याध. ग्रीकांनी तेच चार तारे शिकाऱ्याचे खांदे आणि पाय मानले आणि तोच बाण त्याचा कमरपट्टा. त्यांचा शिकारी, आपलं सावज.

कथाही ऐका. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात प्रजापती स्वतःच्या मुलीच्या मागे लागतो. ती रोहित मृगी होते, हा मृग होतो. देवांना हे सहन होत नाही. ते सगळ्यांची घोर रूपं एकत्र करून एक देव घडवतात, तो प्रजापतीला बाण मारतो. विद्ध होऊन तो आकाशात उडाला तो मृग, मारणारा मृगव्याध, मुलगी रोहिणी, आणि तीन कांडांचा बाण तो मधला. म्हणजे स्त्रीवर वाईट नजर आणि त्याची शिक्षा, दोन्हीकडे आहे. तिकडे डोळे गेले, इकडे बाण लागला.

लोकमान्य टिळकांचं १८९३ चं 'ओरायन' हे पुस्तक याच नक्षत्रावर आहे. वसंतसंपात (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची आकाशातली जागा) मृगात असतानाच्या काळाच्या खुणा वेदांत सापडतात, म्हणून ते सुमारे इसवीसनपूर्व ४००० पर्यंत मागे जातात, असा त्यांचा युक्तिवाद. 'ओरायन' हा शब्द संस्कृत 'आग्रयण'शी जोडायचा प्रयत्नही त्यांनी त्यात केलाय.

आणि आता ढग! ७-८ जूनला मृग लागतो. पाऊस कोण आणतो? मृग!

दोन_शिंगं

म्हणजे हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं. सिद्ध झालं.

साशंक

काहीही सिद्ध झालेलं नाही.

एक, आग्रयण आणि ओरायनची जोडणी भाषाशास्त्रात टिकलेली नाही. टिळकांबद्दल आदर राखूनही हे म्हणता येतं. दोन, ग्रीकांचा ओरायन वादळी आहे तो वेगळ्या कारणाने. भूमध्य समुद्रात नोव्हेंबराच्या सुमारास पहाटे ओरायन पश्चिमेला मावळू लागतो आणि तेव्हाच तिथे समुद्र खवळतो. खलाशी नावा किनाऱ्याला ओढायचे. रोमन कवी व्हर्जिल त्याला 'मेघाळ' म्हणतो ते त्यामुळे. आपला मृग पाऊस आणतो तो सूर्य त्या नक्षत्रात येतो म्हणून, जूनमध्ये. तिकडचा पाऊस थंडीचा, आपला उन्हाळ्यानंतरचा. ताऱ्यांचा झुबका एक, पंचांगं दोन. आणि पुसँने ना ऐतरेय वाचलं होतं ना त्याला मृगाचा किडा माहीत होता. तो रोममध्ये बसून मिशेल पासार या फ्रेंच अधिकाऱ्यासाठी हे चित्र करत होता.

व्याधाचा_बाण

साशंक, मान्य. 'आपल्याकडून गेलं' असं मी म्हटलंच नव्हतं, ते दोन_शिंगं यांचं.

पण एक गोष्ट सांगतो, ती पुसँची नाही, माझी म्हणून घ्या. मृग लागतो तेव्हा मृग आकाशात दिसत नाही. सूर्यच त्याच्या शेजारी असतो, दोघं बरोबर उगवतात आणि बरोबर मावळतात. उजेडात तारे बुडून जातात. मग जुलैच्या मध्यापुढे कधीतरी पहाटे, ढगांनी फट दिली तर, पूर्वेला हा परत वर येताना दिसतो. चाळीस वर्षं आकाश बघतोय, दर पावसाळ्यात ती फट शोधतो. या चित्राचं नाव वाचलं आणि पहिलं तेच डोळ्यांपुढे आलं. दिसेनासा झालेला ओरायन, उगवत्या सूर्याच्या वाटेवर.

साशंक

हे मात्र आवडलं. 'माझी म्हणून घ्या' म्हटल्यामुळे जास्त.

अमृततुल्य

अवांतर: चित्राचा फोटो वडिलांना दाखवला. सातारा, पाच एकर, हयात शेतीत गेलेली. गोष्ट सांगितली, हा मृग म्हणून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यंदा वाहन काय हाय?"

मी म्हटलं कोल्हा असेल नाहीतर बेडूक, बघायला लागेल. तर म्हणाले, "हितं तर मृगच वाहन झालाय की. बसलंय बघ बेणं खांद्यावर."

रानजाई

अमृततुल्य, वडिलांना माझा दंडवत सांगा! केडॅलियनला 'बेणं' म्हणणारा पहिला समीक्षक.

वऱ्हाडी_ठसका

मी चित्रातलं काही समजणारा माणूस नाही, पण कुंचलाभाऊंनी ते पाणी, हवा, सूर्य सांगितलं अन् मी ताडकन उठून बसलो. आम्ही रामटेकच्या पायथ्याचे. शाळेत दरवर्षी आषाढाच्या पहिल्या दिवशी मेघदूत म्हणायला लावत.

'धूमज्योतिःसलिलमरुतां संनिपातः क्व मेघः'. धूर, उजेड, पाणी अन् वारा यांचं नुसतं गाठोडं म्हणजे मेघ. हा कुठं, अन् शहाण्या माणसानं न्यायचा निरोप कुठं, असं कालिदास स्वतःच म्हणतो. अन् मंग पुढं सगळं काव्य त्या गाठोड्याशी माणसासारखं बोलतो. कुठं थांब, कुठं पाणी पी, कोणत्या डोंगरावर टेक.

कोंतीची अन् कालिदासाची ढगाची पाककृती एकच निघाली न! फक्त कालिदासाचा यक्ष बोलताना ढगाला वाट दाखवतो, अन् इथं खांद्यावर बसून दाखवणारा आहे.

कुंचला

वऱ्हाडी_ठसका, वीस वर्षं हे चित्र शिकवतोय. हा श्लोक कधी आठवला नाही. उद्यापासून वर्गात सांगणार, तुमच्या नावाने.

आता बाकीचं थोडं, धागा वर आहे तोवर.

पुसँ रोमभोवतीच्या माळरानात हिंडायचा आणि दगड, शेवाळ, फुलं रुमालात बांधून घरी आणायचा. ती समोर ठेवून काढायचा. तुम्ही इतके पुढे कसे गेलात, असं कोणीतरी विचारल्यावर म्हणाला, मी कशाकडेच दुर्लक्ष केलं नाही. चित्र रचताना तो मेणाच्या छोट्या बाहुल्या करून पेटीत उभ्या करायचा आणि उजेड कुठून कसा पडतो ते बघायचा. आपल्याकडे गणपतीत देखावा मांडतात तसं समजा.

पण १६५८ मध्ये तो चौसष्ट वर्षांचा होता आणि त्याचे हात कापायचे. पत्रांमधून तशी तक्रार आहे. म्युझियममध्ये पुन्हा गेलात तर झाडांच्या पानांजवळ जाऊन बघा. तरुणपणीची सफाईदार ओढ तिथे नाही. छोटे छोटे, अडखळत टेकवलेले फटकारे आहेत. माझं मत सांगतो, तो थरथरता हात या चित्राला मानवलाय. पानं खरंच वाऱ्यात आहेत असं वाटतं. दुसरा कोणी म्हणेल कापऱ्या हाताला तुम्ही कौतुकाने वारा म्हणताय. म्हणू दे.

राक्षस आणि देखावा यांची अशीच जोडी बघायची असेल तर १६४९ चं 'पॉलिफेमस' शोधा. सेंट पीटर्सबर्गला हर्मिटाज म्युझियममध्ये आहे. तिथे एकडोळ्या राक्षस डोंगरावर पाठ करून बसलाय आणि पावा वाजवतोय. डोंगर कुठे संपतो आणि राक्षस कुठे सुरू होतो, ते दोनदा बघावं लागतं.

गवतीचहा

पॉलिफेमस बघितलं. आधी सापडलाच नाही. सापडल्यावर त्याच्यावरून नजर हटेना.

दोन_शिंगं

आपल्याकडून गेलं हे मागे घेतो. पण मृग आपलाच.

रानजाई

घ्या, ठेवा तुमच्याकडे.

लेकीला हा धागा पाठवला. तिचं उत्तर, "आई, तू मला त्या दिवशी फक्त कॅफेटेरियातलं सूप महाग होतं एवढंच सांगितलंस." तेही खरंच आहे. पुढच्या खेपेला ती रजा टाकून बरोबर येणार म्हणतेय. पानांपाशी जाऊन बघते आणि इथे लिहिते. फार जवळ गेलं की तिथला रखवालदार ओरडतो, ते आधीच अनुभवलंय.

व्याधाचा_बाण

जुलैत गेलात तर पहाटे उठा. तिथे ढग कमी असतील.